मॉनिटरवर लख्ख, हेडसेटमध्ये धुरकट: ३६० अंशांच्या पॅनोची तक्रार कशी सोडवायची

"फोटो मॉनिटरवर लख्ख दिसतो, पण हेडसेट डोक्यावर चढवला की क्वालिटी खराब." पॅनोबद्दल, म्हणजे चहूबाजूंचं दृश्य टिपणाऱ्या आणि व्हीआर हेडसेट घालून बघायच्या फोटोबद्दल, हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की आता उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. गंमत म्हणजे विचारणाऱ्याने उपायही बहुधा आधीच ठरवलेला असतो: याहून मोठ्या रिझोल्यूशनचा कॅमेरा घ्यायचा. कॅमेऱ्याच्या पैशांना हात लावण्याआधी हे वाचा.

माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: खराब म्हणजे नेमकं कसं? एक म्हणतो धुरकट. दुसरा म्हणतो झाडांची पानं चमचमतात, मुंग्या फिरल्यासारख्या वाटतात. तिसऱ्याला आकाशात चौकोन दिसतात, चौथ्याला सगळं भिंतीवर चिकटवल्यासारखं वाटतं आणि पाचवा फक्त "डोकं गरगरतं" एवढंच सांगतो. पाचही जण तक्रारीत लिहितात मात्र एकच: क्वालिटी खराब. यातल्या धुरकटवर जो उपाय, तोच चमचमण्यावर केला तर दुखणं वाढतं. म्हणून आधी शब्द पकडायचा, फाइलकडे नंतर वळायचं.

त्याआधी दोन मिनिटं: दोष फोटोचा आहे का?

पॅनो बंद करा आणि हेडसेटचा स्वतःचा मेनू बघा. तिथली बारीक अक्षरं कोरीव दिसतात का? तीही पुसट असतील तर फोटोला कशाला दोष द्यायचा? हेडसेट नाकावरून किंचित वर-खाली सरकवून अक्षरं सर्वांत स्पष्ट दिसतात ती जागा शोधा. जुन्या पद्धतीच्या, कंगोरे असलेल्या फ्रेनेल लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा भाग फारच छोटा असतो आणि पट्टा सैल असला की डोळा तिथून सहज घसरतो. मग डोळ्यांमधलं अंतर बघा. प्रौढ माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसात बराच फरक असतो. क्वेस्ट २ सारख्या हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. आधीच्या माणसाने लावलेला टप्पा तुमच्यासाठी चुकीचा असू शकतो.

लांबचं पुसट दिसणाऱ्यांनी चष्मा काढून हेडसेट घालू नये. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी लेन्समुळे डोळ्याला तो साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखा बघावा लागतो.

आणि लेन्स पुसा. हसू नका. मी एका पॅनोचं स्टिचिंग (फोटो एकमेकांना जोडणं) दोन रात्री जागून पुन्हा पुन्हा केलं होतं. तिसऱ्या दिवशी उजव्या लेन्सवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा सापडला.

"धुरकट दिसतं": अंशांचा हिशेब

मेनू स्पष्ट आणि फोटो धुरकट, असं असेल तर पिक्सेल मोजायचं सोडून अंश मोजायला लागा. पॅनोची फाइल बहुधा इक्विरेक्टँग्युलर असते, म्हणजे रुंदी उंचीच्या दुप्पट आणि पूर्ण रुंदीत ३६० अंश. रुंदीला ३६० ने भागलं की क्षितिजाच्या रेषेवर एका अंशाला किती पिक्सेल मिळतात ते कळतं. ४०९६ रुंदीच्या फाइलला सुमारे ११, ५७६० ला १६, ८१९२ ला जवळपास २३.

आता डोळा काय मागतो ते बघा. सामान्य निरोगी दृष्टी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील ओळखते, म्हणजे अंशाला ६० पिक्सेल. त्या हिशेबाने फाइल २१,६०० पिक्सेल रुंद हवी. पण मध्ये हेडसेटचा पडदा बसला आहे. क्वेस्ट २ अंशाला सुमारे २० पिक्सेल दाखवतो, क्वेस्ट ३ सुमारे २५. म्हणजे पहिल्यासाठी ७२०० आणि दुसऱ्यासाठी ९००० रुंदीची फाइल झाली की पडद्याची भूक भागली. त्यापुढचे पिक्सेल त्या हेडसेटमध्ये दिसतच नाहीत. पुढे चमचमण्याच्या भागात येईल त्याप्रमाणे कधीकधी ते त्रासच देतात.

मॉनिटरवर मग तोच फोटो लख्ख कसा? २४ इंची, १९२० पिक्सेल रुंद मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघितला तर तो डोळ्याच्या साधारण ४८ अंशांत मावतो, म्हणजे अंशाला ४० पिक्सेल. त्यात आपण ४०९६ ची अख्खी फाइल निम्म्याहून लहान करून बघतो. सगळे दोष त्या आकुंचनात दडतात. पॅनो व्ह्यूअरमध्ये फिरवून बघितलं तरी फसगत होते, कारण ९० अंशांचं दृश्य त्या ४८ अंशांत दाबून बसवलेलं असतं. हेडसेटमध्ये ९० अंश म्हणजे खरोखर ९० अंश. तीच फाइल तिथे डोळ्याला जवळपास दुप्पट ताणून दिसते. फोटो बिघडलेला नसतो, तो पहिल्यांदाच खऱ्या मापात दिसत असतो.

फाइल पुरेशी मोठी आहे आणि तरीही धुरकट, हे प्रकरण जास्त चिवट. इथे साखळीत कुठेतरी पिक्सेल गळतात. मी शोधतो त्या क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी, हेडसेटपर्यंत पोचलेली फाइल तीच आहे का? मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवलेला पॅनो बहुधा लहान होऊन पोचतो आणि "हा गोलाकार फोटो आहे" ही आतली नोंदही वाटेत गळते. हेडसेटमधल्या फाइलची रुंदी उघडून बघा. मॉनिटरवरच्या फाइलची बघून चालणार नाही.

मग टेक्स्चरची, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये चढवलेल्या प्रतिमेची, मर्यादा. ग्राफिक्स चिप एका प्रतिमेची कमाल रुंदी ठरवते, कुठे ४०९६, कुठे ८१९२, कुठे १६३८४. फाइल त्याहून मोठी असली की काही व्ह्यूअर ती गुपचूप लहान करतात, काही काळा गोल दाखवून मोकळे होतात. ब्राउझरमधल्या जुन्या वेबजीएल १ या ग्राफिक्स तंत्रावर चालणाऱ्या व्ह्यूअरची आणखी एक खोड होती: मिपमॅपसाठी (प्रतिमेच्या आधीच तयार ठेवलेल्या लहान लहान प्रती) रुंदी दोनच्या घातातली (२०४८, ४०९६, ८१९२ अशी) लागायची, त्यामुळे ६७२० ची प्रतिमा थेट ४०९६ वर यायची. चूक झाल्याचा संदेश कुठेच नाही आणि माणूस कॅमेऱ्याला शिव्या देतो. मेमरीचंही गणित आहे. जेपेग फाइल १० एमबीची असली तरी चिपमध्ये ८१९२ बाय ४०९६ ची प्रतिमा उलगडून सुमारे १३४ एमबी घेते आणि मिपमॅप धरले तर त्यात तिसरा हिस्सा वाढतो. १६३८४ ला चौपट. संगणकाशिवाय चालणाऱ्या स्वतंत्र हेडसेटचा ब्राउझर एवढ्यात मान टाकू शकतो. टेक्स्चर एएसटीसी ४ बाय ४ या, चिपला थेट वाचता येणाऱ्या, पद्धतीने दाबलं तर ओझं चौथाईवर येतं.

तिसरी गळती मला स्वतःला खूप उशिरा कळली, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. बरेच जण पॅनोचा क्यूबमॅप करतात, सहा चौरस बाजू. रुंदी ८१९२ असेल तर एका बाजूला चौथा हिस्सा म्हणजे २०४८ पिक्सेल, असा सरळ हिशेब केला जातो. चार बाजू मिळून ३६० अंश, मग चूक कुठे? चूक अशी की सपाट चौरसावर पिक्सेल अंशांत सारखे वाटले जात नाहीत. कोपऱ्यांकडे ते दाट पडतात, मध्यावर विरळ. २०४८ च्या बाजूच्या मध्यावर अंशाला जेमतेम १८ पिक्सेल उरतात, मूळ फाइलमध्ये २३ होते. म्हणजे बरोबर समोर, जिथे माणूस सर्वांत जास्त बघतो, तिथेच एक पंचमांश धार गेली. रुंदीला ४ ने नव्हे, पायने (π, म्हणजे ३.१४) भागा. ८१९२ साठी बाजू सुमारे २६०८ ची हवी. "क्यूबमॅप केल्यापासून समोरचं मऊ झालं, कोपरे मात्र ठीक आहेत" असं कुणी म्हणालं की मी हेच आधी विचारतो.

चौथी गोष्ट रेंडरिंगची, म्हणजे पडद्यासाठी चित्र तयार करण्याची. आपला पॅनो आधी प्रत्येक डोळ्यासाठीच्या एका चित्रात उतरतो आणि ते चित्र लेन्सच्या विकृतीची भरपाई करण्यासाठी पुन्हा वाकवलं जातं. दोनदा नमुने घेतले जातात आणि दोनदा धार बोथट होते. त्यातही वाकवताना मधला भाग ताणला जातो, म्हणून डोळ्याचं चित्र पडद्यापेक्षा मोठं लागतं. २०१६ च्या व्हाइव्ह हेडसेटचा पडदा प्रत्येक डोळ्यासाठी १०८० बाय १२०० होता, पण शिफारस १५१२ बाय १६८० वर रेंडर करण्याची होती. ब्राउझरमध्ये हे माप कामगिरी वाचवण्यासाठी बऱ्याचदा खाली ठेवलेलं असतं. फ्रेमबफरचा, म्हणजे डोळ्याच्या त्या चित्राचा, स्केल वाढवून बघा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे वेबएक्सआर किंवा ओपनएक्सआर या हेडसेटशी बोलणाऱ्या मानकांमधला इक्विरेक्ट लेयर. त्यात पॅनो थेट शेवटच्या टप्प्यात जातो, मधली एक पायरी कमी होते आणि फाइल तीच असताना अक्षरं वाचता यायला लागतात. स्वतःच्या कोडवर ताबा असेल तर बाकी सगळं सोडून मी आधी हेच करेन.

मध्ये ठीक आणि कडेला धुरकट, असं असेल तर डोळे न फिरवता मान फिरवून बघा. कडेची गोष्ट मध्ये आणल्यावर स्पष्ट झाली तर फाइल निर्दोष आहे. लेन्सची कड किंवा कामगिरीसाठी कडेचे पिक्सेल कमी करणारं फोव्हिएशन, या दोघांपैकी कुणीतरी आहे. क्वेस्टसारखा स्वतंत्र हेडसेट केबलने किंवा वायफायवरून संगणकाला जोडला असेल तर चित्र व्हिडिओसारखं दाबून येतं, तेही लक्षात असू द्या.

गळती नेमकी कुठे, हे पकडायला माझ्याकडे एक चाचणीचा पॅनो आहे. क्षितिजाच्या रेषेवर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे तुकडे: एका पिक्सेलच्या पट्ट्या, दोनच्या, चारच्या, आठच्या. शेजारी मोठे आकडे. कुठल्याही चित्रकामाच्या प्रोग्राममध्ये दहा मिनिटांत होतो. ८१९२ चा हा पॅनो क्वेस्ट ३ मध्ये उघडला आणि दोनच्या पट्ट्या सुट्या दिसल्या तर साखळी शाबूत आहे. चारच्याच कशाबशा दिसत असतील तर वाटेत रुंदी निम्मी झाली आहे. एकच्या पट्ट्या राखाडी किंवा लहरी दिसणारच, त्यांची चिंता नको.

"चमचमतं, मुंग्या येतात"

हे धुरकटच्या नेमकं उलट. फाइलमध्ये पडद्याच्या कुवतीपेक्षा जास्त तपशील आहे आणि मिपमॅप बंद आहेत. १६३८४ ची फाइल अंशाला ४५ पिक्सेल देते, पडदा घेतो २०-२५. मधले पिक्सेल सरळ वगळले जातात आणि मान कधीच पूर्ण स्थिर नसल्यामुळे प्रत्येक क्षणी वेगळे पिक्सेल वगळले जातात. पानं, खडी, जाळीचं कुंपण, कौलं, विजेच्या तारा अशा बारीक नक्षीच्या जागा त्यामुळे सळसळतात. नजरेच्या कडेला तपशील कळत नाही, पण लुकलुक मात्र चटकन कळते, म्हणून समोर बघतानाही बाजूची सळसळ सारखी खुपत राहते.

मिपमॅप सुरू करा, ट्रायलिनियर गाळणी (मिपमॅपच्या दोन प्रतींमधला बदल मऊ करणारी) लावा, अ‍ॅनिसोट्रॉपिक गाळणी (तिरप्या ताणासाठीची) ४ पर्यंत न्या. मग शार्पनिंग (कडा ठळक करणं) बघा. मॉनिटरवर शंभर टक्क्यांवर बघून केलेलं शार्पनिंग हेडसेटसाठी जवळजवळ नेहमीच जास्त असतं. कडांभोवती पांढरी किनार येते आणि तीच चमकते. लोकांना दोन प्रती दाखवल्या तर थोडी मऊ पण शांत प्रत ते बरेचदा जास्त चांगली ठरवतात, हा माझा अनुभव आहे. मॉनिटरवर त्याच माणसांनी उलटा कौल दिला असता.

मिपमॅप लावल्यावर पाठीमागे वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ उमटली तर घाबरू नका, स्टिचिंग बिघडलेलं नाही. शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा चिपवरचा छोटा प्रोग्राम, दिशेवरून कोन काढतो, तो कोन पाठीमागे ३६० वरून एकदम शून्यावर उडी मारतो आणि चिपला वाटतं इथे प्रतिमा प्रचंड आकसली आहे. मग ती सर्वांत लहान मिपमॅप उचलते. कोनातल्या बदलाचा उतार (ग्रेडियंट) स्वतः मोजून द्या, नाहीतर कोनाचं गणित टाळून गोलाच्या जाळीवरचे निर्देशांक वापरा.

"आकाशात चौकोन, पट्टे"

जेपेग ८ बाय ८ च्या चौकोनांत काम करतं. ४०९६ च्या पॅनोत असा एक चौकोन हेडसेटमध्ये ०.७ अंशांचा होतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे आकाशात चंद्राहून मोठ्या फरशा बसवल्यासारखं झालं! रंगाची माहिती निम्मी करून साठवली असेल तर रंगाचा चौकोन त्याच्याही दुप्पट. मॉनिटरवर ८० टक्के दर्जा पुरतो, इथे ९० च्या वर जा आणि रंगाची कपात बंद करा. संध्याकाळच्या आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे आले तर संपादन १६ बिटमध्ये करा आणि शेवटी ८ बिटवर उतरताना किंचित दाणा मिसळा.

सगळा फोटोच फिक्कट, धुतल्यासारखा दिसत असेल तर तो गॅमा, म्हणजे उजेडाची पडद्यासाठीची दुरुस्ती, दोनदा लागल्याचा प्रकार. ब्राउझरसाठीची थ्री-जेएस ही थ्रीडी लायब्ररी वापरणाऱ्यांना आवृत्ती १५२ च्या आसपास हा झटका बसला असेल. टेक्स्चरची रंगजागा एसआरजीबी (नेहमीच्या फोटोंची) आहे हे स्पष्ट सांगा.

डोक्यावर भोवरा, पायाखाली चांदणी

फाइलची सर्वांत वरची ओळ, ८१९२ पिक्सेलची, गोलावर एकाच बिंदूत गोळा होते. त्यामुळे सपाट फाइलवर वरच्या-खालच्या कडेला केलेलं शार्पनिंग, पुसापुशी किंवा लोगो हेडसेटमध्ये आवळून चांदणीसारखा दिसतो. ट्रायपॉड पुसायचा तर खालची बाजू सरळ दृश्यात काढून पुसा आणि परत बसवा. पण त्यावर अख्खा दिवस घालवू नका. माणसं बहुतांश वेळ क्षितिजाच्या आजूबाजूलाच बघतात.

"भिंतीवर चिकटवल्यासारखं" आणि "गरगरतं"

पहिल्याचं कारण बहुधा गोलाची त्रिज्या. एकाच कॅमेऱ्याचा पॅनो एक मीटर त्रिज्येच्या गोलावर लावला तर दोन्ही डोळे एक मीटरवर जुळतात आणि दूरचा डोंगरही हाताच्या अंतरावर रंगवलेला वाटतो. पुढे वाकलं की भिंत जवळ येते. त्रिज्या काहीशे मीटर ठेवा आणि गोल डोक्याबरोबर सरकू द्या. दृश्याला खरी खोली मिळणार नाही, पण खोटी भिंत जाईल. कॅमेऱ्याची उंचीही बघा: फार उंचावरून घेतलेल्या पॅनोत तरंगल्यासारखं वाटतं, गुडघ्याच्या उंचीवरून घेतलेल्यात रांगल्यासारखं.

गरगरण्याचा पहिला संशय क्षितिजावर. कॅमेरा दोन अंश कलला तर ८१९२ च्या फाइलमध्ये क्षितिज फक्त ४५ पिक्सेल वर-खाली होणारी लांबट लाट बनतं. मॉनिटरवर ती कुणाला दिसत नाही. हेडसेटमध्ये मात्र कानातला तोल एक सांगतो आणि डोळे दुसरं. इमारतींच्या उभ्या कडांवरून कल सरळ करून घ्या.

स्टिरिओ पॅनो, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं असलेला, असेल तर आधी डोळे उलटे लागलेत का बघा. वर-खाली मांडणीत वरचा भाग सहसा डाव्या डोळ्याचा असतो. उलटं असलं की काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळे शिणतात. शिवाय स्टिरिओमध्ये ४०९६ बाय ४०९६ म्हणजे प्रत्येक डोळ्याला अंशाला ११ पिक्सेलच. आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका. मान खांद्याकडे झुकवल्यावर चित्र फुटत असेल तर तो त्या पद्धतीचाच स्वभाव आहे, कारण दोन डोळ्यांमधलं आडवं अंतर चित्रात कायमचं छापलेलं असतं.

दुरुस्ती झाली की नाही, कसं ठरवायचं

पीएसएनआरचा (मूळ आणि बदललेल्या प्रतिमेतला फरक मोजणारा) आकडा वाढला म्हणून दर्जा वाढला असं समजू नका. इक्विरेक्ट फाइलमध्ये ६० अंशांच्या वरचा आणि खालचा पट्टा मिळून एक तृतीयांश ओळी खातो, पण गोलाच्या पृष्ठभागात त्याचा वाटा सुमारे १३ टक्केच. साधा पीएसएनआर त्या फुगलेल्या पिक्सेलना क्षितिजाएवढंच मत देतो. आकडाच हवा असेल तर अक्षांशानुसार वजन देणारा डब्ल्यूएस-पीएसएनआर घ्या. तो निदान ही चूक करत नाही, पण चमचमणं त्यालाही दिसत नाही.

शेवटी माणसं बसवावीच लागतात. हेडसेटमधल्या ३६० अंशांच्या व्हिडिओसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची पी.९१९ ही शिफारस २०२० मध्ये आली. तिचा पूर्ण थाट घरी जमणार नाही, पण गाभा जमतो. दोन्ही प्रती एकाच दिशेने सुरू करा. कोणती नवी ते सांगू नका आणि क्रम प्रत्येकासाठी बदला. प्रत्येक प्रत अर्धा मिनिट, मग १ ते ५ गुण आणि एकच प्रश्न: खटकलं ते एका शब्दात सांग. गुणांपेक्षा तो शब्द जास्त कामाला येतो. मध्ये हेडसेट काढून विश्रांती द्या, नाहीतर तिसऱ्या पॅनोपर्यंत मळमळीलाच गुण मिळायला लागतात. आणि स्वतःचा कौल धरू नका. तासभर तोच पॅनो बघितलेल्या डोळ्याला काहीच खटकत नाही.

हे सगळं करूनही अडलात तर विचारताना एवढं लिहा: हेडसेट कोणता, हेडसेटमधल्या फाइलची रुंदी, व्ह्यूअर किंवा ब्राउझर कोणता, केबलवर की स्वतंत्र, मेनूची अक्षरं स्पष्ट दिसतात का, पट्ट्यांच्या चाचणीत कितीच्या पट्ट्या सुट्या दिसल्या. आणि "क्वालिटी खराब" सोडून दुसरा कोणताही शब्द.